वाड्याचा साग की रोख हिस्सा?

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षक वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: आजोबांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडायचं ठरलं, तिघा भावांत वाटणी झाली. यांच्या वाट्याला 4.5 लाख रोख येतात. थोरले भाऊ म्हणतात, रोख घेण्यापेक्षा घराचं सगळं लाकूड घे. 180 घनफूट आहे, वखारीत नवा साग घनफुटाला 3,200 ने मिळतो, तुला 2,500 ने लावतो, हिशेब बरोबर 4.5 लाखांचा. "सोनं शे ते, सोनं!" यांचं जळगावला घराचं काम चालू आहे, 18 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी. पाच चौकटी, मोठं दार, पलंग, जेवणाचं टेबल, देवघर आणि झोपाळा करायचा आहे. गावच्या वखारवाल्याने हेच जुनं लाकूड 1,200 ने मागितलं. काय करू?

सर, पत्रासोबत मापांची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्या यादीतच आहे. तुळया 8, प्रत्येकी 12 फूट, 8 बाय 8 इंच. खांब 12, 7 फुटी, 7 बाय 7. कड्या, म्हणजे तुळयांवर आडवी टाकलेली बारीक लाकडं, 70, 8 फुटी, 4 बाय 4. तुळयांचे होतात 43 घनफूट, खांबांचे साडेअठ्ठावीस, कड्यांचे 62. बेरीज 134. भाऊंचे 180 कुठून आले? नजरेने आले असणार. खोट त्यांच्या मनात नाही असं मी धरून चालतो, पण 46 घनफुटांचे 1.15 लाख होतात. म्हणजे सवलत बाजूलाच राहिली, तुम्हीच वर पैसे देताय.

आता त्या 62 घनफूट कड्या. त्या सागाच्याच आहेत हे कुणी पाहिलं? खान्देशात धाब्याला तुळया सागाच्या आणि वरच्या कड्या अंजन, धावडा किंवा हाती लागेल त्या लाकडाच्या, असं पुष्कळ घरांत सापडतं. शंभर वर्षं चुलीचा धूर खाल्ला की सगळीच लाकडं काळी दिसतात. सुताराला सांगा, प्रत्येक कडीवर रंध्याचे दोन हात मारून बघ. साग असेल तर आत सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट आणि चामड्यासारखा वास. वजनही सांगतं. वाळलेला साग घनफुटाला 18-19 किलो भरतो. अंजन त्याच्या दीडपटीहून जड असतो, पाण्यात टाकला तर बुडतो. वाईट लाकूड नव्हे ते, पण त्यावर चौकटी करायला सुतार तयार होणार नाही आणि भाव सागाचा तर मुळीच नाही.

सागाला एवढा मान का, हेही पाहू, कारण त्यावरच ठरतं कुठे वापरायचा. बाभूळ, धावडा त्याच्याहून चिवट. बैलगाडी बाभळीची आणि कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, सागाचा नाही, कारण दणका बसला की साग कडकन मोडू शकतो. सागाचा गुण वेगळा: तो हलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांची कोरडी झळ आणि महिन्याभरात पाऊस. इतर लाकडं या फेऱ्यात आखडतात, फुगतात, दारं अडकतात. साग फार कमी हलतो. शिवाय गाभ्यात तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागाच्या कमानी दोन हजार वर्षं टिकल्यात. पण हे सगळं गाभ्याचं. बाहेरचा पांढुरका भाग वाळवी आवडीने खाते. आणि मातीच्या भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं ओल धरून कुजलेली असतात, ती फूट-फूट कापूनच टाकावी लागतात.

म्हणून खरा प्रश्न 134 घनफुटांतून कामाचं किती निघेल हा आहे. टोकं गेली, जुन्या सांध्यांची भोकं गेली, खिळ्यांजवळचा भाग गेला, करवतीचा भुसा गेला. 60 टक्के निघालं तर मी खूश होईन. मग 2,500 ने घेतलेलं लाकूड कामाच्या घनफुटाला 4,170 रुपयांना पडलं. नवा साग 3,200 ला! वर खिळे उपटायची मजुरी आणि वाहतूक. चिरणावळही, म्हणजे लाकूड चिरायची मजुरी, जास्त लागते: सागात मुळातच बारीक वाळूसारखा अंश असतो, तो करवतीची धार खातो, त्यात एखादा जुना खिळा लागला तर पातं गेलं. काही आरागिरण्या जुनं लाकूड घेतच नाहीत, आधी विचारून ठेवा.

तुम्हाला लागतं किती? पाच चौकटींना दहा-अकरा घनफूट, मोठ्या दाराला चार, पलंगाला सात, टेबल-देवघर-झोपाळ्याला मिळून सात-आठ. थोडं हात राखून 35 धरा. तुळया आणि खांब मिळून 71 घनफूट, 60 टक्क्यांनी 43 निघतात. झालं काम! कड्यांना हात लावायची गरजच नाही. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना साग वापरायची हौस करू नका, तिथे चांगला प्लाय पुरतो.

दराचं म्हणाल तर वखारवाल्याचे 1,200 हा तळ आणि 3,200 चे 60 टक्के म्हणजे 1,920 हा माथा, त्यातून चिरणावळ-वाहतूक वजा. मी 1,500 ला बसेन. 71 घनफुटांचे 1.07 लाख. उरलेले 3.43 लाख रोख घ्या आणि त्यातून घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर आधी तो ठेवा, बाकी कर्जात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरणीचा दंड नसतो. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या. सगळे 3.43 भरलेत तर पहिल्या वर्षीच 29 हजारांच्या आसपास व्याज वाचतं. गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेल्या कड्या एक रुपया व्याज देत नाहीत. 2,500 ने घेतलेल्या लाकडाला साडेआठ टक्क्यांची बरोबरी करायला पाच वर्षांनी 3,760 भाव यावा लागेल, आणि विकायला जाल तेव्हा समोर वखारवालाच असणार.

भाऊंना हे सांगणं अवघड आहे, कळतं मला. "माझ्याकडे ठेवायला जागा नाही, मला कामापुरतंच हवं" एवढं म्हणा. टेप घेऊन तिघांसमोर मोजा, वाटणीच्या कागदावर नगवार माप लिहा आणि पाडणीची मजुरी कुणाची तेही. गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचं विचारून कागद हातात घ्या. सागाची गाडी नाक्यावर अडली की जुनं घर पाडलं हे तोंडी सांगून भागत नाही.

झोपाळ्याचं एक: आठ इंची तुळईतून दोन फुटी पाट निघत नाही, तीन फळ्या जोडाव्या लागतील. सागाच्या तेलामुळे डिंक धरत नाही, तेव्हा रंधा मारल्या-मारल्या थिनरने पुसून लगेच जोडायला सांगा. स्क्रूला आधी भोक पाडायचं, नाहीतर जुना साग चिरतो.

आणि यादीच्या तळाशी तुम्ही लिहिलेली गणेशपट्टीची (वरच्या पट्टीवर गणपती कोरलेली) चौकट घनफुटात मोजू नका, चिरू तर अजिबात नका. तिची किंमत तिघांनी बसून ठरवा, थोडी जास्त गेली तरी मी काही म्हणणार नाही. फक्त उंची मोजून घ्या. जुन्या चौकटी साडेपाच फुटी असतात, मोठ्या दाराला बसली नाही तर देवघराला लावा.