लेकीला शिबिराला पाठवू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही गुहागरजवळ राहतो. मुलगी १३ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी टाइप वन डायबेटिस निघाला, दिवसाला चार इंजेक्शनं. मे महिन्यात दापोलीला अशाच मुलांचं पाच दिवसांचं शिबिर आहे, डॉक्टर म्हणतात पाठवा. सासूबाई म्हणतात आजारी पोरीला समुद्रावर कसली धाडतेस. खरं तर भीती मलाच जास्त, रात्री दोनला उठून मी तिची साखर बघते, तिथे कोण उठणार? ती मात्र जाणारच म्हणून हटून बसलीये.

उत्तर : रात्री दोनला कोण उठणार, हेच शिबिरवाल्यांना फोन करून विचारा, अगदी याच शब्दांत. जे लोक हे काम मनापासून करतात ते लगेच सांगतील कोणाची ड्यूटी आहे ते, आणि उत्तर द्यायला अडखळले तर नका पाठवू. कारण पोरं दिवसभर वाळूत पळतात, पाण्यात डुंबतात आणि साखर कधीकधी तेव्हा न उतरता रात्री झोपेत उतरते, म्हणून अशा ठिकाणी इन्सुलिनचा डोस बहुतेक वेळा आधीच थोडा कमी करतात. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी परत तपासायची, हे तुम्हाला पाठच असेल, पण तिथल्या प्रत्येक ताई-दादाला पाठ आहे का ते बघा. आणि लाइट गेली तर इन्सुलिन कुठे ठेवणार? मे मध्ये वळीव आला की आपल्याकडे काय होतं माहितीये ना. ओल्या मडक्यात ठेवतो म्हणाले तर माणसं जाणती समजा.

मी नर्स होते, अशा दोन शिबिरांना गेलेय. एक मुलगी शाळेत, लग्नात, कुठेही गेली तरी बाथरूममध्ये लपून सुई टोचून घ्यायची. पहिल्या दिवशी जेवणाआधी बघते तर पंचवीस-तीस पोरं ओसरीवर ओळीने बोटं टोचतायत, कोणाची किती आली यावर पैजा लागल्यात (पैज आम्ही बंद केली, पण हसू आलंच), तिसऱ्या दिवशी ही बाई सगळ्यांसमोर पोटाला इन्सुलिनचं पेन लावून गप्पा मारत होती. हे तुम्ही किंवा मी घरी कितीही समजावून होत नाही हो. आमरस पानात आला की नाही म्हणायचं नाही, वाटी मोजायची आणि त्या हिशोबाने डोस घ्यायचा, हेही पोरं एकमेकांचं बघून शिकतात.

सासूबाईंना सांगा, हे काही आजचं फॅड नाही. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा दिलं १९२२ ला आणि १९२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला डायबेटिसच्या मुलांचं शिबिर भरलंसुद्धा. कॅन्सर आणि रक्ताच्या आजारांच्या मुलांसाठी तर पॉल न्यूमन या नटाने १९८८ मध्ये कनेटिकटला कॅम्प काढला, तसे पुढे बऱ्याच देशांत निघाले.

जाताना तिचा स्वतःचा ग्लुकोमीटर आणि लागतात त्याच्या दुप्पट स्ट्रिप्स द्या. इन्सुलिन एसटीच्या डिकीत अजिबात नको, तापतं, हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. आणि तिला रोज एकच फोन, तोही रात्री जेवणानंतर, साखर किती आली हे आधी न विचारता.