बॅटरी बदलता येते, स्टोरेज नाही

प्रश्न : माझा फोन तीन वर्षांचा आहे. बॅटरीची क्षमता ७८ टक्के दाखवते, दुपारीच चार्जिंगला लावावा लागतो. मी ऑनलाइन शिकवण्या घेते. आठवड्याला साधारण चार तासांचे व्हिडिओ होतात, त्यामुळे १२८ जीबी स्टोरेज सतत भरलेलं. ५१२ जीबीचा, मोठ्या बॅटरीचा नवा फोन २४ हप्त्यांवर घ्यायचं मनात आहे. रोख किंमत १०० धरली तर हप्त्यांची बेरीज ११२ होते. बॅटरी बदलायला ८ लागतील. जुना फोन आज विकला तर १५ येतील. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. काय करू?

उत्तर : किंमत १०० धरून आकडे पाठवलेत ते बरं केलंत, त्यावरच हिशेब करू. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि नव्या फोनचा उपाय तुम्ही दोन्हींना एकच लावताय. मला त्या वेगळ्या कराव्याशा वाटतात.

आधी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी हा झिजणारा भाग आहे. पूर्ण बॅटरीएवढा, म्हणजे १०० टक्के, वापर झाला की एक सायकल धरतात. वापर रोज ७० टक्के असेल तर दहा दिवसांत सात पूर्ण सायकल होतात. अ‍ॅपल आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलसाठी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील असं सांगते, आयफोन १५ पासून १०००. तुमच्यासारख्या वापरात ५०० सायकल दोन वर्षांत संपतात, १००० ला चारेक वर्षं लागतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियमच आहे. तेव्हा तीन वर्षांनी ७८ टक्के म्हणजे तुमचा फोन बिघडलेला नाही, त्याचं वय झालंय इतकंच. मोठ्या एमएएचचा (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) नवा फोन घेतलात तरी तीही बॅटरी याच वाटेने जाणार, फक्त थोडी उशिरा.

बॅटरी बदलल्याने नव्या फोनची खरेदी खरोखर पुढे ढकलली जाते का? फोन विकणाऱ्यांचाच अनुभव पाहा. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. त्यानंतर २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात, काही बाजारांत नवे आयफोन अपेक्षेपेक्षा कमी घेतले गेल्याच्या कारणांमध्ये ही स्वस्त बॅटरीही मोजली होती. ८ खर्चून १०० वाचवणारे ग्राहक इतके निघाले की त्यांचा उल्लेख कंपनीच्या प्रमुखाला करावा लागला.

आता स्टोरेज. इथे मात्र फोन घेताना केलेली निवड शेवटपर्यंत निभवावी लागते. मेमरी कार्डची खाच महागड्या फोनमधून जवळपास गेलीच, सॅमसंगने २०२१ च्या एस२१ मालिकेत ती काढून टाकली. म्हणून लोक दुकानात मोठा आकडा मागतात, आणि त्यात चूक काही नाही. पण तुमच्या बाबतीत ५१२ पुरेल का? ४के (खूप बारीक तपशिलाचं चित्र), सेकंदाला ३० फ्रेम, एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत बसवणारी पद्धत) असं चित्रीकरण केलं तर मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, तासाला १० जीबी. आठवड्याचे चार तास म्हणजे ४० जीबी. रिकामा ५१२ सुद्धा तीन महिन्यांत भरेल, मग पुन्हा हाच प्रश्न. हेच १०८०पी वर, म्हणजे ४के पेक्षा कमी तपशिलात, घेतलं तर मिनिटाला ६० एमबी, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. विद्यार्थी हातातल्या फोनवरच धडे बघत असतील तर ४के चा फायदा त्यांना दिसणारही नाही. (परीक्षेआधीच्या रात्री तर ते दीडपट वेगाने बघतात!)

तेव्हा तुम्हाला मोठं कपाट नकोय, व्हिडिओ फोनबाहेर हलवायची सवय हवी आहे. दर महिन्याला बाहेरच्या एसएसडीवर (केबलने जोडायच्या छोट्या साठवणीच्या डबीवर) टाका, ज्याचा एकदाच खर्च आहे. क्लाउड हे भाडं आहे, दर महिन्याचं. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून नवे फोटो-व्हिडिओ गूगल खात्याच्या १५ जीबीच्या फुकट मर्यादेतच मोजले जातात, ते तुम्हाला दोन आठवडेही पुरायचे नाहीत. तरी पोटापाण्याचे जे धडे आहेत, त्यांची निवडक प्रत क्लाउडवर जरूर असू द्या. फोन हरवला तर ५१२ जीबी एकदमच हरवतात.

आता पैसे. ११२ उणे १०० म्हणजे १२, दोन वर्षांचे, म्हणजे वर्षाला ६ टक्के, असं विक्रेता सांगेल. ते खरं नाही. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. खरा दर वर्षाला ११ टक्क्यांच्या थोडा वर जातो. प्रक्रिया शुल्क वेगळं असेल तर आणखी.

जुना फोन दोन वर्षं ठेवण्याचाही खर्च आहे, तो लपवत नाही. बॅटरीचे ८, शिवाय आज येणारे १५ तेव्हा ५ वर आले तर १० चा तोटा. एकूण १८, वर्षाला ९. नवा फोन हप्त्यांवर घेऊन, आताच्यासारखा तीन वर्षांनी बदललात आणि विक्रीत २५ आले, असं धरू. मग ८७ खर्च, वर्षाला २९. तोच सहा वर्षं वापरलात, मध्ये एकदा बॅटरी बदललीत, तर विक्रीचं काही न धरता वर्षाला २०. कसंही मोजलं तरी आत्ताची खरेदी महाग पडते.

माझं मत : हप्ता ठरवलाय तेवढा दर महिन्याला भराच, पण स्वतःच्या खात्यात. पहिल्या दोन हप्त्यांत बॅटरीचे ८ निघून थोडे उरतात. उरलेल्या २२ हप्त्यांत १०२ हून जास्त जमतात, व्याज वेगळं. म्हणजे त्याच २४ महिन्यांत बॅटरीही झाली आणि नवा फोन रोखीने. त्याहून महत्त्वाचं असं, की मध्येच आजारपण आलं किंवा शिकवण्या बंद पडल्या, तर तो पैसा तुमच्या हाती असेल. दोन महिन्यांची शिल्लक असलेल्या, अनियमित कमाईच्या माणसाला मी कर्जाचा हप्ता लावून घ्यायला सांगणार नाही.

दोन गोष्टींवर मात्र माझा सल्ला फिरतो. बॅटरी फुगून पडदा वर उचलला जात असेल तर फोन आजच बंद करा, चार्जिंगला लावू नका. आणि कंपनीने सुरक्षा अपडेट थांबवले असतील तर बॅटरीवर खर्च करू नका, त्या फोनवरून बँकेचे व्यवहारही नकोत. अपडेट किती वर्षांचे आहेत हे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं, ते आधी पाहा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. पुढचा फोन निवडताना बॅटरीच्या एमएएचआधी मी हा आकडा बघेन, मग स्टोरेज. २५६ तुम्हाला पुरावं.

बॅटरी बदलायला देण्याआधी सगळ्या व्हिडिओंची प्रत काढून ठेवा. बदललेल्या बॅटरीवर हमी किती, आणि फोन उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहतं का, हे लेखी विचारून घ्या.