मुहूर्ताच्या वेळी सनई की सतार?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात पुण्यात आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून २० मिनिटांचा असून सुमारे ३०० माणसे येतील. मुलगी सतार शिकते, त्यामुळे मुहूर्ताच्या वेळी प्रत्यक्ष सतारवादन असावे अशी तिची इच्छा आहे. व्याह्यांच्या मते कार्यालयातील ध्वनिमुद्रित सनई पुरेशी आहे. शिवाय भैरवी लग्नात वाजवू नये, असे आमच्या घरातील ज्येष्ठ सांगतात. काय निवडावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मुलीचे सतारीवरील प्रेम मोलाचे आहे आणि तिच्या लग्नात सतार अवश्य वाजावी, मात्र ती मुहूर्ताच्या वेळी नव्हे, तर आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर वाजावी. सतारीचा नाद नाजूक असतो, तिच्या तरफांचा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांचा, नाद ऐकण्यासाठी शांतता लागते, आणि अक्षता वाटण्याची लगबग चाललेल्या मांडवात आलापाची पहिली दहा मिनिटे कोणाच्याही कानी पडत नाहीत. त्यातच वैशाखातील उकाड्याने तारा उतरतात व त्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात. संध्याकाळी माणसे मोजकी असतात, बसलेली असतात. अशा वेळी यमन किंवा बिहाग तासभर निवांत ऐकता येईल.

मुहूर्तासाठी सनई-चौघडाच ठेवावा, आणि तो प्रत्यक्ष वाजणारा असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. सनई मुळात देवळांच्या व राजवाड्यांच्या नगारखान्यांतली. मोकळ्या जागेत, गर्दीच्या वर सूर पोहोचवण्यासाठीच ती घडली आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तिला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले आणि २००१ मध्ये ते भारतरत्न झाले, तरी मंगलकार्याशी असलेले तिचे नाते सुटले नाही. ध्वनिमुद्रणाची अडचण नादाच्या प्रतीची नाही, कारण उत्तम ध्वनिमुद्रणे सहज मिळतात. अडचण अशी की ध्वनिमुद्रणाला थांबता येत नाही. अंतरपाट धरला की वाजंत्र्यांनी गलबला करू नये, अशी सूचना पारंपरिक मंगलाष्टकातच आहे. शेवटचे ‘सावधान’ उच्चारले जाते, अंतरपाट दूर होतो आणि त्याच क्षणी चौघडा कडाडतो. तो क्षण गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहत बसलेला वादकच पकडू शकतो. यंत्राजवळचा माणूस जेवायला गेला आणि सप्तपदीचे मंत्र मुद्रित सनईखाली बुडून गेले, हे मी स्वतः पाहिले आहे. व्याह्यांशी बोलताना खर्चाऐवजी हा मुद्दा मांडावा.

मंगलाष्टकांच्या मागे मात्र कोणतेही वाद्य नको. शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या एकोणीस अक्षरांच्या ओळी प्रत्येक नातेवाईक आपापल्या पट्टीत म्हणतो, तर सनईची पट्टी तिच्या लांबीने ठरलेली असते. म्हणणाऱ्यांची संख्याही आधीच ठरवावी, नाहीतर लांबवलेल्या चालींत १२ वाजून २० मिनिटे केव्हाच उलटून जातील. होम, कन्यादान आणि सप्तपदी यांचे मंत्र चालू असतानाही वादकांनी थांबावे. दोन विधींच्या मधल्या अवकाशात त्यांनी वाजवावे.

रागांची निवड शक्यतो वादकांवर सोपवावी, पण वेळ त्यांना आधी कळवावी. सकाळी पुण्याहवाचनाच्या सुमारास तोडी वाजवण्याची पद्धत असली, तरी तिचे गांभीर्य लक्षात घेता मी अल्हैया बिलावल सुचवीन. पाहुणे येऊ लागले की वृंदावनी सारंग घ्यावा. ऐन दुपारच्या मुहूर्ताला त्याच्याइतका प्रसन्न राग मला दुसरा सुचत नाही. जेवणाच्या पंगतींना गौड सारंग, पुढे भीमपलास आणि पिलूतील एखादी धून शोभेल. (ज्यांचा मुहूर्त गोरज आहे त्यांनी मारवा टाळावा, त्यात षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, विसावा क्वचितच मिळतो आणि मन अस्वस्थ राहते.)

भैरवीबद्दलची आपल्या ज्येष्ठांची शंका मी समजू शकतो, कारण भैरवीने मैफल संपते आणि आरंभाच्या कार्यात समाप्तीचा सूर नको असे त्यांना वाटत असावे. मुहूर्तापूर्वी ती नकोच. पाठवणीला मात्र ती वाजू द्यावी. माहेरचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलीची हुरहुर आणि तिला दिलेला आशीर्वाद हे दोन्ही भाव भैरवीइतके अन्य कोणत्या रागात एकत्र येतात, हे मला सांगता येणार नाही. तरीही ज्येष्ठांचे मन दुखावत असेल, तर तिलक कामोद घ्यावा.

ठरवताना किमान दोन सनया सांगाव्यात, म्हणजे एक वादक स्वर धरून ठेवील व दुसरा राग मांडील. त्यांची बैठक गुरुजी दिसतील अशा जागी हवी. भटारखान्याच्या दाराशी किंवा ध्वनिवर्धकाच्या शेजारी नको. बंदिस्त सभागृहात सनईला फारसा ध्वनिवर्धक लागत नाही, चौघड्याला तर मुळीच लावू नये. सनई हे दमसासाचे वाद्य आहे, म्हणून पाऊण तासाने विसावा, प्यायला पाणी आणि पहिल्या पंगतीत पाने मिळतील अशी व्यवस्था करावी. गुरुजी व वादक यांच्यात दुवा म्हणून घरातील एखादा जाणता माणूस नेमावा. मुलीच्या मामांना मुहूर्ताच्या वेळी तिच्या पाठीशी उभे राहायचे असते, म्हणून हे काम त्यांच्याकडे देऊ नये.