होकार द्यायच्या आधी जरा थांब

अरे तू विचारलंस ना की देवाची इच्छा नक्की ओळखायची कशी, तर पहिलं सांगतो, आकाशवाणीची वाट बघत बसू नको. मी बसलो होतो, वर्षभर. आणि चिठ्ठ्या टाकणं, "आज फोन आला तर हो" असलं ठरवणं पण सोड, त्यात आपण देवाला विचारत नसतो, त्याला आपल्या अटी ऐकवत असतो.

मला खरा उपयोग झाला तो इग्नेशियस लोयोला या स्पेनमधल्या ख्रिस्ती संतांच्या पद्धतीचा. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की तो आनंद नंतरही टिकायचा. तू पण तेच बघ. एकेक पर्याय दोन-तीन दिवस "हेच ठरलं" असं मनात धरून प्रार्थनेला बस आणि मन कसंय ते वहीत लिही, लगेचचं नाही, संध्याकाळचं.

मन खचलेलं असताना आधी नीट घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हाही त्यांचाच नियम. उत्साहाच्या भरात शब्दही देऊ नको (मी एकदा तीन सेवा एकदम अंगावर घेतल्या, एक पण धड झाली नाही). आणि ती वही कुणाला तरी दाखव, पण तुला तोंडावर नाही म्हणू शकेल अशाच माणसाला.