बेसबॉलवरचे चित्रपट आजही स्टुडिओंना आणि प्रेक्षकांना हवेसे वाटतात का?

प्रेक्षकांना वाटतात, मोठ्या स्टुडिओंनी मात्र हात आखडता घेतला आहे. अमेरिकेच्या आधुनिक मेजर लीग बेसबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्यावरील ‘४२’ (२०१३) या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे साडेनऊ कोटी डॉलर मिळवले, पण परदेशातून जवळजवळ काहीच आले नाही, आणि आज परदेशी कमाईच्या भरवशावाचून मोठा खर्च मंजूर होणे कठीण असते. ‘मनीबॉल’ (२०११) बाहेरही बऱ्यापैकी चालला, कारण त्यात खेळापेक्षा माणूस मोठा आहे: संघाच्या व्यवस्थापकाच्या भूमिकेतला, सामना पाहण्याचे धैर्य नसलेला ब्रॅड पिट गाडीत एकटाच रेडिओ लावतो आणि लगेच बंद करतो, तेव्हा बेसबॉलचे नियम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाच्याही जिवाची घालमेल होते. शाळेच्या बांधकामात जाणाऱ्या मैदानावरचा अखेरचा सामना दाखवणारा ‘ईफस’ (२०२४) हा अगदी छोटा, स्वतंत्र चित्रपट आहे, आणि मला हा विषय आता अशाच ठिकाणी सर्वाधिक जिवंत वाटतो.