फॅनची हवा हीटिंग कॉइलच्या मधोमधच आदळते, कडांना पोचत नाही. काय करावं?

फॅन कॉइलच्या आधी आणि अगदी जवळ असेल, तर झोताला पसरायला जागाच मिळत नाही. आधी मोजा. कॉइलच्या तोंडाचे १६ ते २५ सारखे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) धरा. कोपऱ्यात एक दोराही धरून बघा, कारण तिथे हवा बऱ्याचदा उलटी फिरते आणि पात्यांचा ॲनिमोमीटर उलट्या वाऱ्यालाही आकडा दाखवतो.

खात्रीचा उपाय म्हणजे फॅन आणि कॉइलच्या मध्ये, हवेचा पूर्ण मार्ग झाकणारा भोकांचा पत्रा, साधारण ४० ते ५० टक्के उघडा. तो झोत अडवतो, मागे दाब साठतो आणि हवा कडांकडे सरकते. फॅनच्या तोंडाला किंवा कॉइलला चिकटवून लावू नका, नाहीतर भोकांचेच झोत कॉइलवर बसतात. बाजूच्या फटीही बुजवा.

पत्रा दाब खातो, म्हणून नंतर एकूण हवा आणि मोटरचा करंट पुन्हा तपासा.

इलेक्ट्रिक हीटर असेल तर हे टाळू नका: कमी हवेच्या जागी एलिमेंट लाल होऊन थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडतो. तो बायपास करणं म्हणजे आगीला आमंत्रण. नवं युनिट घेत असाल, तर फॅन कॉइलनंतर असलेलं घ्या. ओढलेली हवा बरीच सारखी येते.