जगात सर्वांत उंचावर कोणता उंदीर राहतो?
हा मान अँडीज पर्वतातील पानकान्या उंदराकडे जातो. जीवशास्त्रज्ञ जे स्टोर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली चिली-अर्जेंटिना सीमेवरील युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटर उंचीवर, तो जिवंत पकडला. आपले इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर आहे. त्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी प्राणवायू मिळतो आणि हिरवे पान दृष्टीस पडत नाही. एकट्या उंदरावरून तेथे वस्ती असल्याचे सिद्ध होत नाही, ही शंका रास्तच होती. परंतु पुढे सहा हजार मीटरहून उंच अशा अन्य माथ्यांवर खडकांमध्ये थंडीने वाळलेली १३ उंदरांची कलेवरे सापडल्याने ती बरीचशी फिटली. हिमालयातील पिका मात्र या स्पर्धेत धरू नये, कारण दिसायला उंदरासारखा असला तरी तो सशाचा नातलग आहे.